आउटबोर्डचा कार्ब्युरेटर : आधी साफसफाई, स्क्रू सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवबागला होडी आहे, मागे १५ एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर लटकवलेलं इंजिन. मे संपता संपता होडी वर ओढली, ऑगस्टात पुन्हा पाण्यात घातली. आता चोक ओढल्याशिवाय इंजिन धरत नाही आणि चोक आत ढकलला की बसतं. थ्रॉटल वाढवून धरलं तर धावतं, पण गियर टाकायला कमी केलं की मरतं. मध्ये कुणीतरी कार्ब्युरेटरचा पितळी स्क्रू फिरवून पाहिला, तेव्हापासून अजूनच बिघडलं. आता कुणी म्हणतं नवीन कार्ब्युरेटर टाका. टाकायचा, की हाच साफ होईल?

हाच साफ होईल. नवीन घेऊ नका. मी गेली तीसेक वर्षं किनाऱ्यावर हीच इंजिनं खोलतोय, आणि कार्ब्युरेटर खरोखर बाद झालेला फार थोड्या वेळा पाहिलाय. बहुतेक वेळा तो तुंबलेला असतो, किंवा कुणीतरी साफ करताना बिघडवलेला असतो. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच निदान आहे, म्हणून आधी ते नीट समजून घ्या.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल इंजिनाकडे जायची वाट एक नसते. थ्रॉटलची पाकळी, म्हणजे बटरफ्लाय, बंद असते तेव्हा पेट्रोल पायलट जेटमधून (जेट म्हणजे बारीक भोकाची पितळी तोटी) येतं आणि पाकळीच्या इंजिनाकडल्या बाजूच्या एका बारीक भोकातून बाहेर पडतं. ही आयडलची, म्हणजे इंजिन अगदी कमी वेगाला नुसतं चालू असतं तेव्हाची, वाट. पाकळी जराशी उघडली की तिच्या कडेला असलेली अजून दोन-तीन भोकं एकेक करून उघडी पडतात आणि पेट्रोल थोडं थोडं वाढत जातं. पाकळी बरीच उघडली की मग मधली मोठी नळी, म्हणजे मेन नोझल, काम करू लागते आणि तिला पेट्रोल मेन जेट पुरवतो. तुमचं इंजिन वरच्या वेगाला धावतंय, म्हणजे मेनची वाट बऱ्यापैकी मोकळी आहे. खाली मरतंय, म्हणजे पायलटची वाट बंद आहे. चोक ओढला की हवा अडते, ओढ वाढते आणि मेन नोझलमधूनच पेट्रोल खेचलं जातं, म्हणून तेवढ्यापुरतं इंजिन जगतं.

पावसाळ्यात असं का होतं? वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, पेट्रोल राहतं ते जेमतेम काही चमचे. जून-जुलैची ६१ दिवसांची मासेमारी बंदी आणि पुढे-मागे आठवडा-पंधरा दिवस, एवढ्या काळात त्यातलं हलकं पेट्रोल उडून जातं. मागे उरतो टूटी ऑइलचा, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-स्ट्रोक तेलाचा, चिकटा आणि जुन्या पेट्रोलची राळ. मेन जेटचं भोक मोठं, ते त्यातूनही तग धरतं. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ते आधी मिटतं.

पण कार्ब्युरेटर काढायच्या आधी दहा मिनिटं बाकीचं बघा, कारण याच लक्षणांची सोंगं दुसरेही घेतात. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद राहिला तर पाच-दहा मिनिटांत टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. पेट्रोलच्या होजवरचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो ना? इंजिन मरायला लागलं की कुणाला तरी तो फुगा दाबत राहायला सांगा. फुगा दाबल्यावर इंजिन सावरलं, तर दोष पेट्रोल पंपाच्या डायफ्रामचा, होजचा किंवा कनेक्टरच्या ओ-रिंगचा असण्याची शक्यता जास्त. दोन्ही प्लग काढून स्पार्क पाहा. दोनातलं एकच सिलिंडर पेटत असेल तरी आयडलला इंजिन असंच रडतं आणि लोक कार्ब्युरेटरला दोष देतात.

मग वाटीचा खालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि निघेल ते सगळं काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या. प्लॅस्टिकच्या ग्लासात नको, त्यात दिसत नाही. बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवून उन्हाकडे धरा. तळाला पाण्याचे मणी घरंगळताना दिसले, किंवा दोन थर दिसले आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली, तर तुमचं काम कार्ब्युरेटरवर थांबणार नाही, टाकीपर्यंत जाणार.

इथे इथेनॉलबद्दल बोलावं लागेल. आपल्याकडे आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असते १० टक्क्यांची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि खाडीवरच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी दोन महिने पडली तर पाण्याला तोटा नाही. थोडं पाणी इथेनॉल पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं हातात हात घालून तळाला बसतात. टू-स्ट्रोकवाल्याला धोका इथे आहे. तुम्ही मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, आणि टाकीतली नळी ओढते ती तळातून. इंजिनात जातं ते बिनतेलाचं पाणीमिश्रित इथेनॉल. बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देणारं दुसरं काहीच नसतं.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरच्या घरी बघता येतं. आकड्यांच्या खुणा असलेली सरळ काचेची नळी घ्या. तिच्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला. पेट्रोल ऑइल न मिसळलेलं हवं. झाकण लावून हलवा आणि ठेवून द्या. पाण्याचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. तो दुपटीच्या वर गेला तर पंधरा-वीस टक्के आहे असं समजा. हे मोकळ्या हवेत करा, आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नका.

आता कार्ब्युरेटर काढू. जागा उघडी, सावलीची, वाऱ्याची हवी. विडी, सिगारेट, वेल्डिंग, चूल काही जवळ नको. वाळूची बादली शेजारी ठेवा. खाली पांढरी चादर अंथरा, कारण निडलची, म्हणजे वाटीत येणारं पेट्रोल रोखणाऱ्या सुईची, तारेची क्लिप एकदा पुळणीत पडली की सापडत नाही. काढायच्या आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. कुठली दांडी कुठल्या भोकात आहे ते संध्याकाळी आठवत नाही. फ्युएल होज सोडवा, समोरचा हवेचा डबा काढा, चोकची आणि थ्रॉटलची दांडी सोडवा, मग बहुतेक इंजिनांत दोन नट सोडले की कार्ब्युरेटर हातात येतो. मागचं पॅकिंग फाटलं तर फाटू द्या, नवीनच टाकायचं आहे.

वाटीचे स्क्रू हा खाऱ्या हवेतला सगळ्यात चिवट भाग. घाई करून स्क्रूचं डोकं खाल्लंत तर दिवस गेला. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याच्या मुठीवर हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या, मग वजन टाकून फिरवा. ठोक्याने आट्यांतला मिठाचा बंध तुटतो.

वाटी उघडल्यावर लगेच पुसू नका. आधी नीट बघा, कारण वाटी इतिहास सांगते. सोनेरी-तपकिरी लेप आणि आंबूस वास असेल तर जुनं पेट्रोल. तळाला पांढरी भुकटी किंवा पांढरे फोड असतील तर पाणी बराच काळ बसून धातू खाल्ला गेलाय. पितळी जेटवर हिरवट बुरशीसारखं दिसलं तरी पाणीच. काळे, पापुद्र्यासारखे कण दिसले तर ते होजच्या आतल्या अस्तराचे आहेत, आणि होज बदलल्याशिवाय हे काम पुन्हा करावं लागणार हे पक्कं धरून चाला. माझ्याकडे एक इंजिन एका महिन्यात तिसऱ्यांदा आलं होतं. दोनदा दुसरीकडे साफ झालेलं. मी होजला उभी चीर दिली तेव्हा आतला थर सापाच्या कातेसारखा सुटून लोंबत होता. कार्ब्युरेटरचा काही दोष नव्हता.

आता तो पितळी स्क्रू, म्हणजे पायलट स्क्रू. काढायच्या आधी तो हळूच आत फिरवा, टेकेपर्यंत, आणि किती फेऱ्यांत टेकला ते मोजून कागदावर लिहा. टेकल्यावर दाबू नका. त्याचं टोक सुईसारखं असतं आणि आवळलं की टोकाला कडं पडतं, किंवा कार्ब्युरेटरचं भोकच फाकतं. मग तो स्क्रू आयुष्यात नीट लागत नाही. तुमच्या बाबतीत कुणीतरी आधीच फिरवलाय, त्यामुळे मोजलेल्या फेऱ्यांवर विश्वास ठेवता येणार नाही. तरी लिहा. स्क्रू बाहेर काढून टोक भिंगाखाली बघा. खाच किंवा अंगठीसारखी रेघ दिसली तर स्क्रू बदला.

फ्लोटची पिन सरकवा, फ्लोट आणि निडल उचला. मेन जेट काढा, त्यामागची नोझल काढा, पायलट जेट काढा. पितळ मऊ असतं, म्हणून स्क्रूड्रायव्हरचं पातं जेटच्या खाचेत पूर्ण रुंदीनं बसलं पाहिजे. जेटवर कोरलेला आकडा लिहून ठेवा. आधीच्या कुणी दुसऱ्याच इंजिनाचा जेट लावलेला मी पाहिलाय.

रबर, प्लॅस्टिक, ओ-रिंग, फ्लोट सगळं बाजूला काढा, मगच कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच. एका भोकात मारलेली धार भलत्याच भोकातून उलटी येते आणि ती डोळ्यात गेली तर दवाखाना गाठावा लागतो.

आणि जेटच्या भोकात तार घालू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी दर हंगामात कुणीतरी सेफ्टी पिन घातलेला जेट घेऊन येतं. एक मिलिमीटरचं भोक घासून १.०५ मिलिमीटर झालं तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. तेवढं पेट्रोल जास्त जाणार, कायमचं. आपल्या घरात यावर फार चांगला उपाय आहे : तंगूस, म्हणजे मासे पकडायची नायलॉनची दोरी. पाव मिलिमीटर जाडीची तंगूस तिरकी कापली की टोक सुईसारखं होतं, आणि नायलॉन पितळाला ओरखडा काढत नाही. जेट आधी तासभर क्लीनरमध्ये भिजवा, मग तंगूस घालून हलक्या हातानं पुढेमागे करा, पुन्हा स्प्रे मारा. शेवटी जेट सूर्याकडे धरून बघा. भोक पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. कडेला जराही सावली किंवा चंद्रकोर दिसली तर चिकटा अजून आहे, पुन्हा भिजवा.

बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणूनच त्यांचं इंजिन पुन्हा आयडलला मरतं. जेट साफ झाला म्हणजे वाट साफ झाली असं नाही. जेटपासून पाकळीपर्यंत धातूच्या पोटातून जाणारे बारीक मार्ग आहेत, आणि खरी राळ तिथे बसते. कार्ब्युरेटर हातात उभा धरा, पाकळी उघडी ठेवा, स्प्रेची नळी पायलट जेटच्या आट्यांत टेकवून फवारा. पाकळीच्या कडेच्या प्रत्येक भोकातून सुतासारखी सरळ धार आली पाहिजे. तीन भोकं असतील तर तीन धारा. एकीला नुसते थेंब गळत असतील तर ती वाट अर्धी मिटलेली आहे. मग पायलट स्क्रूच्या भोकातून उलट्या दिशेनं फवारा, दहा मिनिटं थांबा, परत फवारा. सगळ्या धारा सारख्या येईपर्यंत हे सोडू नका. मला स्वतःला कधी कधी याला अर्धा दिवस लागतो, आणि ग्राहकाला वाटतं की एवढ्याशा डब्याला एवढा वेळ कशाला. पण समुद्रात इंजिन चालतं ते या तीन धारांवर.

पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर मारा, पण आधी त्याच्या टाकीतलं पाणी काढायला सांगा आणि दाब कमी ठेवा. फ्लोट आणि निडल जागेवर असताना पेट्रोलच्या नळीतून जोरात हवा कधीच मारू नका, फ्लोट चेपतो. अल्ट्रासॉनिक मशीन मिळालं तर उत्तम : कोमट पाणी, भांड्यांचा साबण, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग गोड्या पाण्यानं धुऊन पूर्ण सुकवणं. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांत रात्रभर बुडवून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पितळ चकचकीत होतं खरं, पण कार्ब्युरेटरचा मुख्य भाग ज्या हलक्या धातूचा असतो तो आंबटाने खाल्ला जातो.

निडलचं टोक बघा. त्यावर गोल रेघ पडली असेल तर ती पेट्रोल रोखणार नाही. फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल खळखळत असेल तर फ्लोट गेला. जोडल्यावर कार्ब्युरेटर सरळ धरून पेट्रोलच्या नळीला स्वच्छ पाइप लावून तोंडानं फुंका, हवा गेली पाहिजे. उलटा करून फ्लोट निडलवर टेकू द्या आणि फुंका, हवा पूर्ण अडली पाहिजे. फ्लोटची उंची तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेली असते. कार्ब्युरेटर उलटा धरून, फ्लोट स्वतःच्या वजनानं नुसता टेकलेला असताना व्हर्नियरनं मोजा. फ्लोट दाबून मोजलंत तर माप चुकतं. सुधारायचं असेल तर फ्लोटची ती पातळ पितळी जीभ किंचित वाकवा. वाटीत पेट्रोलची पातळी जास्त झाली तर इंजिन ओलं चालतं, प्लग काळे होतात, उभ्या होडीत हवेच्या डब्यातून पेट्रोल गळतं. कमी झाली तर वरच्या वेगाला भूक लागते.

पॅकिंगला सिलिकॉनचा लेप लावू नका. पेट्रोलमध्ये तो फुगतो, त्याचे धागे सुटतात आणि थेट जेटमध्ये जाऊन बसतात. नवीन पॅकिंग कोरडंच बसवा, दोन्ही नट आलटून-पालटून सारखे आवळा. मागच्या जोडाला हवा लागत असेल तर आयडल आपोआप चढतो आणि कुठलाच स्क्रू ऐकत नाही. चालू इंजिनाच्या त्या जोडावर साबणाचं पाणी टाकून बघा, आवाज बदलला तर तिथून हवा जातेय. त्यासाठी पेट्रोल किंवा स्प्रे वापरू नका, गरम इंजिन आहे.

त्याच वेळी फ्युएल फिल्टर नवा टाका. टाकी रिकामी करून तळ टॉर्चनं बघा आणि पुसून घ्या. पाणी वेगळं काढणारा फिल्टर होजमध्ये कायमचा बसवला तर अजून चांगलं. एका हंगामात तो आपली किंमत भरून काढतो. ताजं पेट्रोल, आणि ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं मरीनचंच घ्या, स्कूटरचं नको. आउटबोर्ड पाण्यानं थंड होतो, स्कूटर हवेनं, म्हणून दोघांची तेलं वेगळी. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली. तुमच्या पुस्तकात वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा.

आता अॅडजस्टमेंट. हे होडी पाण्यात असतानाच करायचं. ड्रममध्ये किंवा नळाच्या पाण्यावर इंजिन धुवायला ठीक आहे, पण आयडल तिथे लावलेला खाडीत टिकत नाही, कारण पाण्याखालच्या एक्झॉस्टवरचा दाब वेगळा आणि पंख्यावर भार नसतो. होडी पुढून-मागून भक्कम बांधा. पंख्याजवळ पाण्यात कुणी नाही हे स्वतः बघा, पोरं असतील तर लांब पाठवा. किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला.

पायलट स्क्रू हलका टेकवा आणि पुस्तकात दिलेले फेरे मागे घ्या. पुस्तक नसेल तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा. इंजिन दहा मिनिटं चालवून नीट गरम होऊ द्या. थंड इंजिनावर लावलेलं सगळं गरम झाल्यावर चुकतं. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूनं वेग जरा वरच ठेवा. मग पायलट स्क्रू पाव फेऱ्याच्याही निम्मा फिरवा आणि थांबा. पंधरा-वीस सेकंद. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये आधीचं मिश्रण शिल्लक असतं, नवीन सेटिंगचा परिणाम लगेच कळत नाही. घाईत फिरवत गेलं की माणूस योग्य जागा ओलांडून पुढे जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

एका बाजूला फिरवत गेलात की इंजिन तीक्ष्ण आवाज करेल, वेग डगमगेल आणि कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा फटका येईल. तो कोरडेपणा, पेट्रोल कमी. दुसऱ्या बाजूला फिरवत गेलात की आवाज जड होईल, धूर वाढेल, इंजिन लंगडत चालेल. ते पेट्रोल जास्त. काही कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू हवा कमी-जास्त करतो, काहींत मिश्रण, म्हणून आत फिरवल्यावर काय होईल हे मी इथून सांगणार नाही. कानानं ठरवा. दोन्ही टोकं सापडली की मधोमध या, आणि तिथून अगदी किंचित पेट्रोल जास्तच्या बाजूला ठेवा. मग गियर टाकून बघा, आयडलला मरता कामा नये. थ्रॉटल एकदम उघडून बघा. अडखळून शिंकलं तर अजून थोडं पेट्रोल द्या. हे सगळं जमल्यावरच स्टॉप स्क्रूनं आयडलचा वेग पुस्तकाप्रमाणे खाली आणा. टॅकोमीटर हवा. प्लगच्या वायरीला गुंडाळायचे छोटे मिळतात, महाग नसतात. नुसत्या कानानं लोक आयडल नेहमी जास्त ठेवतात, मग गियर टाकताना खट्ट आवाज येतो आणि क्लच डॉगच्या, म्हणजे गियर पकडणाऱ्या दात्यांच्या, कडा झिजतात.

किंचित ओलं ठेवा असं मी म्हणतो त्याला कारण आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी झालं की उष्णता वाढते आणि त्याच वेळी वंगणही कमी होतं. एकजण मेन जेट अर्धा तुंबलेला असताना, चोक जरा ओढून ठेवला की चालतंय म्हणून, पूर्ण थ्रॉटलवर रोज येऊन-जाऊन करत होता. चौथ्या दिवशी इंजिन जाम. हेड उघडलं तर एका पिस्टनची एक्झॉस्टकडची कड मेणबत्तीसारखी ओघळलेली होती. जेट साफ करायला अर्धा दिवस लागला असता. त्याऐवजी दोन महिने होडी बसली. म्हणून चोकवर चालणारं इंजिन कुणाचं दिसलं की मी न विचारताही बोलतो.

मेन जेट बरोबर आहे का ते प्लग सांगतात. पूर्ण थ्रॉटलवर पाच मिनिटं मोकळ्या पाण्यात चालवा, तिथेच इंजिन बंद करा, हळू करत करत नाही, आणि प्लग काढा. चहाच्या रंगाचा तपकिरी असेल तर उत्तम. पांढराफटक किंवा फोड आल्यासारखा असेल तर तसं चालवू नका. तेलकट काळा असेल तर पेट्रोल जास्त, किंवा त्या इंजिनाला प्लगच थंड प्रकारचा लागलाय. आणि वरचा वेग पुस्तकातल्या आकड्यापर्यंत चढत नसेल तर आधी पंखा बघा. चुकीच्या पिचचा किंवा वाकलेला पंखा कार्ब्युरेटरच्या नावावर खपतो.

ज्यांच्याकडे मोठी इंजिनं आहेत, प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर, त्यांनी एक जास्तीचं काम करायचं. सगळ्या पाकळ्या एकाच क्षणी उघडायला लागल्या पाहिजेत. जोडदांडीचे स्क्रू सैल करा, सगळ्या पाकळ्या बोटानं हलक्या बंद धरा, मग स्क्रू आवळा आणि थ्रॉटल सावकाश उघडून एकेका तोंडात टॉर्च मारून बघा. रॉकेलवर चालणारं इंजिन असेल तर ते पेट्रोलवर चालू करून पेट्रोलवरच बंद करायची सवय मोडू नका, म्हणजे वाटीत रॉकेल उरत नाही. फोर-स्ट्रोकवाल्यांनी पायलट स्क्रूवरचं टोपण ड्रिलनं काढू नये. तो कारखान्यात लावलेला असतो, आणि जेट व मार्ग स्वच्छ असतील तर त्याला हात लावायची वेळ येत नाही.

पुढच्या मे महिन्यात होडी ओढण्याआधी इंजिन दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा, पेट्रोलचा होज काढा, पाणी चालूच ठेवा, आयडलपेक्षा जरा वर ठेवून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. पण तेवढ्यावर सोडू नका. बंद पडल्यावरही वाटीत तळाशी पेट्रोल उरतं, आणि तेच दोन महिन्यांत राळ होतं. ड्रेन स्क्रू उघडून शेवटचा थेंब काढा. प्लगच्या भोकांत चमचाभर ऑइल घालून दोरी सावकाश दोनदा ओढा. टाकीतलं पेट्रोल दुचाकीत घालू नका, त्यात ऑइल आहे. उरणारच नाही असा अंदाज ठेवून शेवटच्या आठवड्यात भरा. इंजिन उभं ठेवा, वर गोणपाट किंवा सुती कापड घाला. प्लॅस्टिकमध्ये करकचून बांधलं की आतली वाफ आतच राहते.

तुम्ही आज एवढंच करा : ड्रेन स्क्रू उघडून वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि फुगा दाबायची परीक्षा करा. बाटलीचा फोटो पाठवा. मग कार्ब्युरेटर खोलाल तेव्हा पायलट स्क्रूच्या टोकाचा फोटो आणि दोन्ही जेटवरचे आकडे कळवा. धारा किती येतात तेही लिहा. स्क्रू लावायचं त्यानंतर बघू.